डुगडुगणारं टेबल

रविवारी दुपारी दारावरची बेल वाजली तेव्हा धम्मप्रियाच्या एका हातात हातोडी होती, तोंडात दोन खिळे होते आणि गुडघ्यांमध्ये एक फळी दाबून धरलेली होती. ती गडबडीनं उठली, फळी सटकली आणि नेमकी अंगठ्यावर पडली. तोंडात खिळे असल्यामुळे ओरडताही येईना.

लंगडत जाऊन तिनं दार उघडलं. समोर एक उंच माणूस उभा. टी-शर्ट उलटा घातलेला, डोळे तांबारलेले, केस एका बाजूनं उशीनं चापून बसवलेले.

"मॅडम, मी खालच्या फ्लॅटमधला. बिरादार. रात्रभर गाडी चालवून आलो, सकाळी पडलो. तवापासून तुम्ही माझ्या डोक्यावर खिळे ठोकून राहिल्या."

धम्मप्रियानं तोंडातले खिळे काढले. "माफ करा. मला वाटलं खाली कुणी राहतच नाही. कधी आवाज येत नाही तुमचा."

"झोपलेल्या माणसाचा आवाज येत नसतो."

"म्हणजे घोरत नाही तुम्ही."

भांडायला आलेला माणूस हसू दाबत तिच्या खांद्यावरून आत बघायला लागला. "हे काय चाललंय? कोंबड्यांचं खुराडं?"

"टेबल आहे," ती जरा फणकाऱ्यानं म्हणाली. "हस्तकलेचं. मुलीच्या खोलीत ठेवायला."

"अन् मुलगी या आवाजात झोपली?"

"ती… अजून आलेली नाही."

आजोळी गेली असेल, असं समजून बिरादारनं मान हलवली.

धम्मप्रिया बांधकाम खात्याच्या नांदेडच्या कार्यालयात आरेखक होती. पूल, शाळेच्या खोल्या, दवाखान्यांचे जिने यांचे नकाशे ती काढायची आणि तिची रेघ केसभरही हलायची नाही. या टेबलाचं चित्रही तिनं तसंच काढलं होतं. कात्र्या आणि ब्रशांसाठी खण, कागदाची गुंडाळी अडकवायला आडवी दांडी, मणी-टिकल्या ठेवायला छोटे छोटे कप्पे. भिंतीवर चिकटवलेलं ते चित्र देखणं होतं. त्याच्याखाली फरशीवर जे उभं होतं ते मात्र कुठल्याच बाजूनं त्या चित्रासारखं दिसत नव्हतं.

"सुताराला का न्हाई बोलावलं?"

"मलाच करायचंय."

तिनं हे इतक्या हळू सांगितलं की त्यानं पुढं काही विचारलं नाही. जाता जाता एवढंच म्हणाला, "मी मालगाडीवर असतो. कधी बोलावतील, कधी सोडतील, काही नेम नाही. तुमचा नंबर द्या. मी जागा असलो की कळवत जाईन. तेव्हा ठोका."

"आणि झोपला असलात तर?"

"तेव्हा चित्र काढा."

संध्याकाळी मोबाइलवर एकच शब्द आला – 'ठोका.'

धम्मप्रिया एकटीच हसली. मग ते रोजचंच झालं. 'पूर्णेहून निघालो, खुशाल ठोका.' 'झोपलो. दया करा.' एकदा तिनं विचारलं, 'रंधा चालेल का?' त्याचं उत्तर आलं, 'रंध्याचा आवाज अंगाईसारखा वाटतो. चालू द्या.'

पहिल्यांदा तो वर आला तो फळी धरायला. करवत चालवताना दुसरं टोक धरायला कुणी नसलं की फळी नाचते, हे त्याला खालून ऐकूनच कळलं होतं. दुसऱ्यांदा आला तो वीरण्णाच्या लाकडाच्या वखारीतून आणलेली लांब फळी जिन्यावरून चढवायला. तिसऱ्यांदा कशासाठी आला होता, ते दोघांनाही नंतर आठवेना. सुतारकाम त्यालाही येत नव्हतं. तिनं आखायचं, त्यानं धरायचं, दोघांनी मिळून कापायचं आणि चुकलं की एकमेकांकडं बघायचं.

एकदा त्याच्या घराच्या दारावरची पाटी वाचून ती म्हणाली, "मन्मथ? म्हणजे साक्षात मदन?"

"आमच्या उदगीरकडं घरटी एक मन्मथ असतोय. आम्ही लिंगायत मन्मथस्वामींच्या नावावरून ठेवतो, मदनाच्या न्हाई. म्हणून तर अशी तोंडं असतात."

"तोंडाला काय झालंय?" ती सहज बोलून गेली. मग दोघंही पॉलिश पेपर घेऊन एकाच फळीवर जरा जास्तच जोर लावून घासायला लागले.

टेबलाच्या पायांवर मात्र काम अडलं.

"किती उंच घ्यायचे?" त्यानं पेन्सिल कानावरून काढत विचारलं. "मुलीची उंची सांगा. कोपर कुठं येतंय बघू."

धम्मप्रिया बोटानं फळीवरचा भुसा गोळा करत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत नाही. मी तिला अजून पाहिलेलंच नाही."

मन्मथनं पेन्सिल खाली घेतली.

"मी मूल दत्तक घेतेय, बिरादार. एकटीनं. अर्ज केला, घर बघून गेले, चौकशी झाली. आता वाट बघायची. कोण येईल, केवढी येईल, काही माहीत नाही. मोठी मुलगी मागितलीय, पाच-सात वर्षांची. लोक तान्ही बाळं मागतात. मोठी तशीच राहतात…"

तिनं मग त्याला किनवटचं सांगितलं. तिची आई, पंचशीला, तिथल्या निवासी शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. वडील, लिंबाजी, कंधारला शेती सांभाळायचे. धम्मप्रिया आईबरोबर वसतिगृहातच वाढली. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या मुलींना घरचे न्यायला यायचे. एका मुलीला कुणी यायचं नाही. ती स्वयंपाकघरात बसून कणकेची चित्रं करायची, आगगाडी, चूल, बाई, आणि संध्याकाळी सगळी मोडून पुन्हा कणीक मळून द्यायची, पोळ्यांसाठी.

"तेव्हाच काही ठरवलं वगैरे नव्हतं," धम्मप्रिया म्हणाली. "पण लग्नाचं बघायला लागले तेव्हा प्रत्येक स्थळाला मी हे आधी सांगायचे. सगळे म्हणायचे, आधी आपलं होऊ द्या, मग बघू. मला ते 'मग बघू' पटत नव्हतं."

खरं तर ती आता नेहमीच्या उत्तराची वाट बघत होती. लई मोठं काम करून राहिल्या मॅडम, पुण्याचं काम आहे… लोक असं म्हणायचे आणि हळूच लांब व्हायचे.

मन्मथनं पेन्सिल पुन्हा कानावर खोचली. "मग पाय उंचच ठेवू," तो म्हणाला. "उंच असले तर कापून कमी करता येतात. आखूड झाले तर जोडत बसावं लागतंय."

बस्स, एवढंच. पण त्या रात्री धम्मप्रियाला कितीतरी वेळ ते वाक्य आठवत राहिलं आणि ते म्हणतानाचं त्याचं कानामागं जाणारं बोट.

रंग कुठला द्यायचा यावर चार दिवस वाद झाला. त्याला हिरवा हवा होता. ती म्हणाली, "तुम्हाला हिरव्याशिवाय दुसरं काय दिसणार, सिग्नलवाले." शेवटी पिवळा ठरला, हळदीच्या वाटेला न जाणारा, लिंबाच्या जवळचा. प्रायमर देऊन, घासून, सगळे भाग सुटे सुटे रंगवून त्यांनी गच्चीवर वाळत घातले. मार्चमधलं कडक ऊन होतं. संध्याकाळपर्यंत खणखणीत वाळतील, असा दोघांचाही अंदाज.

चारच्या सुमाराला वारं सुटलं. धूळ उडाली, खिडक्या आपटल्या आणि पत्र्यांवर टपोरे थेंब वाजले. अवकाळी. धम्मप्रिया ओट्यावरचा चहा तसाच टाकून गच्चीकडं धावली. पाठोपाठ जिन्यात चप्पल वाजली. मन्मथ अंथरुणातून उठून, एक पाय अनवाणी आणि एका पायात चप्पल, असा धावत आला होता.

"वरची फळी आधी," ती म्हणाली.

वरची फळी सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत ओली. ती आडवी धरायला हवी, नाहीतर रंग ओघळणार. त्यानं एक टोक धरलं, तिनं दुसरं. जिना अरुंद. तो पाठमोरा एकेक पायरी उतरत होता आणि ती त्याच्याकडं बघत, "अजून एक… हं… आता वळा…" असं सांगत होती. मधे पिवळीधमक फळी, तिच्यावर पावसाचे थेंब, त्याच्या भुवईवर, तिच्या गालावर रंग.

वळणावर तो थांबला.

"काय झालं?"

"काही न्हाई. तुमच्या नाकाला लागलाय."

"पुसा मग."

"दोन्ही हात गुंतलेत, मॅडम."

"ते दिसतंय. म्हणूनच म्हटलं."

तो हसला तेव्हा फळी हलली आणि दोघंही एकदमच "सांभाळा" म्हणाले. फळीसाठीच, असं दोघांनी आपापल्या मनाला सांगितलं.

सगळे भाग घरात आणून झाल्यावर दोघं फरशीवर दमून बसले. बाहेर पाऊस पडतच होता. वरच्या फळीवर थेंबांचे बारीक बारीक खड्डे उठले होते.

"तुमची झोप मोडली," ती म्हणाली.

मन्मथ खाली बघत म्हणाला, "झोप न्हवती लागलेली. खरं सांगू का, पहिल्या दिवशी भांडायला आलो तवाही लागली न्हवती. दोन वर्षं झाली… एक माणूस रुळावर आला. मी ब्रेक लावला. गाडी लगेच थांबत नसती. मागं एवढं वजन असतंय… तेव्हापासून डोळे मिटले की ते दिसतं. पण पुढं पुढं वर तुमचं ठोकणं चालू असलं की वाटायचं, कुणीतरी जागं आहे, काहीतरी करून राहिलंय. मग डोळा लागायचा."

धम्मप्रियानं त्याला समजावलं नाही. तुमची काय चूक, असं तो शंभर लोकांकडून ऐकून आला असणार. ती उठली, टाकून आलेला चहा गरम केला आणि दोन कपांत ओतून त्याच्या शेजारी येऊन बसली. थोडी जवळ, पहिल्यापेक्षा.

एप्रिलमध्ये दत्तकासाठी मुलगी मिळाल्याचं कळवलं गेलं. लातूरच्या एका संस्थेतली मुलगी. विशाखा. सहा वर्षं पूर्ण. फोटोत तिनं कॅमेऱ्याकडं बघितलंच नव्हतं. हातातल्या खोक्याला काहीतरी चिकटवत होती. धम्मप्रिया फोटोकडं बघत किती वेळ बसली कुणास ठाऊक. मग चप्पल न घालताच खाली उतरली आणि मन्मथच्या दारावर थाप मारली. फोटो त्याच्या हातात दिल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण अजून आईलाही फोन केलेला नाही.

त्यानं फोटो निरखून पाहिला. "कानावर केस घ्यायची सवय तुमच्यासारखीच आहे," तो म्हणाला. मग फोटो परत दिला. "धम्मप्रिया… एक विचारू का? त्या घरात अजून एक माणूस मावेल का? घोरत न्हाई… तुम्हीच म्हणाल्या होत्या."

ती हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. या प्रश्नाची ती वाट बघत होती आणि तो आत्ताच नको होता.

"बसा," ती म्हणाली. "ऐकून घ्या. माझा अर्ज एकटीचा आहे. आत्ता लग्न केलं तर तो बंद होतो. जोडप्याला मूल हवं असेल तर लग्नाला दोन वर्षं झालेली लागतात. म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा वाट. तोवर ही मुलगी…"

"ती थांबणार न्हाई," तो म्हणाला.

"थांबायला लावणार नाही मी तिला. दत्तकावर कलेक्टरचा शेवटचा हुकूम येईपर्यंत मी कुणालाच हो म्हणू शकत नाही. आणि… ती आली की पाहणीला संस्थेच्या बाई येतील, शेजारीपाजारी विचारतील. तुम्ही सध्या वर येऊ नका."

"किती दिवस?"

"मला माहीत नाही."

"बरं," मन्मथ म्हणाला.

ती वर आली ती चिडूनच. आपणच नको म्हटलं होतं, तरी त्यानं नुसतं 'बरं' म्हणावं हे तिला सहन होईना. माणसानं निदान वाद तरी घालावा…

दोन आठवडे 'ठोका' आलं नाही, 'झोपलो' आलं नाही. एका सकाळी बिल्डिंगचे जिने झाडणाऱ्या सरजाबाई कुंचा टेकवून उभ्या राहिल्या. "बिरादारसाहेबानं खोली सोडली जणू. पूर्णेला क्वार्टर घेतलं म्हनं. काल सामान नेलं. तुम्हाला म्हायती न्हाई?"

"मला कशाला माहीत असेल," धम्मप्रिया म्हणाली आणि आत येऊन तिनं टेबलाला उरलेले स्क्रू इतके पिळले की एकाचं डोकंच तुटलं.

विशाखा मे महिन्यात घरी आली. लातूरहून अहमदपूरमार्गे एसटीच्या खिडकीशी बसून आली, पण वाटेत एक शब्द बोलली नाही. घरात चपला काढायला तयार होईना. पिशवी हातातली सोडेना. टेबल तिनं दारातूनच पाहिलं. पिवळं, खणांचं, दांडीला कागदाची पांढरी गुंडाळी लावलेलं. जवळ मात्र गेली नाही. संस्थेतून आणलेला खोका घेऊन ती कोपऱ्यात फरशीवर बसली आणि कात्रीनं त्याला खिडक्या पाडायला लागली.

आठ-दहा दिवस असेच गेले. धम्मप्रिया बोलायची, ती मान हलवायची. आई कंधारहून येऊन आठवडाभर राहून गेली; तिनं सांगितलं, "घाई करू नको. माया पातळ असती सुरुवातीला, आटवावी लागती."

एका दुपारी धम्मप्रियानं पाहिलं – विशाखा टेबलापाशी उभी होती. पावसाचे खड्डे पडलेल्या फळीवरून बोट फिरवत होती. फळी तिच्या हनुवटीला लागत होती.

"हे काय आहे?" तिनं विचारलं. त्या घरातला तिचा पहिला प्रश्न.

"पाऊस," धम्मप्रिया म्हणाली. "रंग ओला होता तेव्हा पडला."

"पुसला नाही?"

"राहू दिला." आणि मग, संभाषण तुटू नये म्हणून, "उंच झालंय का गं तुला? कापू पाय?"

विशाखानं विचार करून मान डोलावली.

धम्मप्रियानं टेबल आडवं पाडलं, मापं टाकली, करवत घेतली. चारही पाय कापले, टेबल उभं केलं. ते डुगडुगलं. पुढचा डावा पाय उंच राहिला होता. तो कापला. आता मागचा उजवा उंच. तोही थोडा कापला. टेबल दुसऱ्या बाजूला कललं. गोष्टीतल्या माकडानं लोण्याची वाटणी करावी तसं चालू झालं. या पारड्यातलं थोडं, त्या पारड्यातलं थोडं. धम्मप्रियाला घाम फुटला. पूल काढणारी बाई, आणि चार पाय एकसारखे होईनात.

मागून एक बारीकसा आवाज आला. तिनं वळून पाहिलं. विशाखा तोंडावर हात ठेवून हसत होती.

"अजून थोडं कापलं तर पाट होईल," विशाखा म्हणाली.

धम्मप्रिया फरशीवर बसली आणि हसायला लागली. मग डोळे पुसत तिनं फोन उचलला. इतक्या दिवसांचा राग मनात तयारच होता, पण ओठांवर वेगळंच आलं.

"बिरादार, चार पाय एकसारखे कापता येतात का तुम्हाला?"

पलीकडं कुठंतरी डबे खडखडले. मग, "न्हाई येत."

"मलाही येत नाही. या मग."

"येऊ का? खरंच?"

"थांबा. आधी एक सांगा. न सांगता का गेलात? माझ्या भल्यासाठी गेलात असं म्हणणार असाल तर येऊ नका. माझं भलं कशात आहे ते मला विचारायचं असतं."

"तुमच्या भल्यासाठी न्हाई गेलो," मन्मथ म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला. "मी खाली राहिलो असतो तर रोज वर आलो असतो. न येणं जमत न्हवतं. म्हणून गेलो."

"हे सांगायला काय झालं होतं?"

"सांगायला वर यावं लागलं असतं."

खिडकीतून तरोडा नाक्यावरचे हॉर्न ऐकू येत राहिले. "उद्या या," ती शेवटी म्हणाली. "दार उघडं राहील. सरजाबाईंना चहाला बोलावते, त्या बसतील इथंच. पाहणीच्या बाई आल्या तर त्यांनाही चहा देऊ. लपवण्यासारखं काही नाही आपल्याकडं."

दुसऱ्या दिवशी सरजाबाई खुर्चीत बसून तीन कप चहा प्यायल्या आणि दोघांच्याही चुका मोठ्यानं सांगत राहिल्या. मन्मथनं टेबल उलटं करून चारही पायांवर दोरी ताणली. धम्मप्रियानं दोरीखाली रेघ मारली आणि विशाखानं, न विचारता, दोरीचं एक टोक धरलं. टेबल उभं राहिलं. तिघांनीही वरून दाबून पाहिलं. हललं नाही. किंचित बुटकं झालं होतं, पण विशाखाचं कोपर बरोबर फळीवर टेकत होतं. तिनं खण उघडला, कात्री ठेवली, खण लावला, पुन्हा उघडला. मग दारापाशी जाऊन चपला काढून आली.

ते धम्मप्रियानं पाहिलं आणि मन्मथनंही. दोघांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं, कारण सरजाबाई दोघांकडं बघत होत्या.

त्यानंतर तो महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा, तासभर, उघड्या दारानं. प्रेमाचं एक अक्षर त्यात नव्हतं. लाकडी चमच्याची बाहुली कशी करायची, खोक्याच्या डब्यांना चाकं कुठं लावायची, असलीच बोलणी. फोनवर मात्र थोडं जास्त. उदगीरला त्यानं आईला सांगितलं. आधी पोरगी बौद्धांची आहे ते, मग तिला एक लेक आहे ते. आईनं बोलणं बंद केलं. भाऊ येऊन समजावून गेला, चिडून गेला. मन्मथ प्रत्येक सुट्टीला जात राहिला, आईच्या गुडघ्यांना तेल लावत राहिला, दुसरं काही बोललाच नाही. पोळ्याच्या सणाच्या आसपास एका संध्याकाळी आईनं तेल लावणाऱ्या हाताकडं बघत विचारलं, "त्या लेकराला शेंगाची पोळी आवडती का?"

"विचारून सांगतो," तो म्हणाला. बाहेर येऊन त्यानं धम्मप्रियाला फोन केला आणि आधी शेंगाच्या पोळीचंच विचारलं.

कंधारला लिंबाजीनं मुलीचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "रागाला आला की काय करतोय माणूस?"

धम्मप्रियानं आठवून पाहिलं. "बरं म्हणतो."

"मग जमतंय," वडील म्हणाले.

कलेक्टर ऑफिसातून हुकूम आला तेव्हा नांदेडला थंडी सुरू झाली होती. विशाखा आता कायद्यानं धम्मप्रियाची मुलगी होती. संध्याकाळी मन्मथ आला. ड्युटीवरून थेट, अंगाला डिझेलचा वास, हातात पेढ्यांचा पुडा. विशाखा टेबलापाशी बसून पुठ्ठ्याचं घर चिकटवत होती. बोटं गोंदानं पांढरी झालेली.

"आता विचारा," धम्मप्रिया त्याला म्हणाली.

"काय?"

"एप्रिलमध्ये विचारलं होतं ते."

"ते व्हय…" त्यानं पुडा टेबलावर ठेवला, कान खाजवला. "पण आधी घरमालकिणीला विचारावं लागंल." तो विशाखाजवळ खाली बसला, दोघांचे डोळे सारख्या उंचीवर येतील असा. "विशाखाबाई, मी इथं राहायला आलो तर चालंल का?"

विशाखानं घराचं छप्पर दाबून धरलं. गोंद सुकेपर्यंत ती कुणाला उत्तर देत नसे.

"रोज?"

"रोज न्हाई. गाडीवर गेलो की दोन दोन दिवस येणार न्हाई. कधी दुपारी झोपंन."

"मग मला आवाज करायचा नाही?"

"करायचा. लई करायचा."

"मला इंजिनात बसवाल?"

"ते नियमात बसत न्हाई."

"शिट्टी?"

"शिट्टी नियमात बसती. इथल्या पुलाजवळ वाजवीन. तुला ऐकू आली की समजायचं मी निघालो."

विशाखानं छपरावरचे हात काढले. छप्पर टिकलं होतं. "चालेल," ती म्हणाली आणि तिनं दुसऱ्या भिंतीला गोंद लावायला घेतला.

मन्मथ उठून उभा राहिला. धम्मप्रिया भिंतीला टेकून, हाताची घडी घालून बघत होती. ओठ घट्ट मिटलेले, डोळे मात्र हसत होते.

"अन् तुम्ही, धम्मप्रिया?"

तिनं कितीतरी महिने हे उत्तर मनात नीट रचून ठेवलं होतं. चांगलं लांब, विचारपूर्वक. आता त्यातलं एकही वाक्य सापडेना. कंधारच्या मातीतला होकाराचा एकच शब्द तेवढा जिभेवर आला.

"हाव," ती म्हणाली.